काटा वर जात नाही

मी मीटर बसवतो असं सांगितलं, की समोरचा माणूस लगेच वीजबिलाची गोष्ट काढतो. लग्नकार्यात तर मी हल्ली धंदा सांगायचंच बंद केलं आहे. मागे एका साखरपुड्यात मुलीच्या मामांनी मला कोपऱ्यात नेलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आमच्याकडे युनिट फार पडतात, काही करता येईल का?" मी म्हटलं, मी डिझेल गाड्यांच्या इंजिनाला मीटर बसवतो, पाणी किती तापलं, ऑइलचा दाब किती आहे, ते दाखवणारे. मामांचा सगळा रस संपला. तरी सोयरीक नवी, काहीतरी बोलायला हवं, म्हणून त्यांनी विचारलं, "म्हणजे गाडीची कंपनी बसवून देत नाही?" आयुष्यभर हाच प्रश्न ऐकत आलो आणि याच प्रश्नावर माझा संसार झाला.

तर कंपनी बसवून देते. पण कंपनीचा तापमानाचा काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो. इंजिन थोडं जास्त तापलं, थोडं गार झालं, तरी हा मध्यावर बसून असतो. कारण काटा हलला की गिऱ्हाईक घाबरतं, घाबरलं की सर्व्हिस सेंटरला फोन करतं आणि तिथल्या मुलीला उगाच गोड बोलावं लागतं. त्यापेक्षा सगळं हाताबाहेर जाईपर्यंत 'छान चाललंय' म्हणणारा काटा कंपनीला परवडतो. माल वाहणाऱ्या कित्येक पिकअपना तर तेवढाही काटा नसतो. एक लाल दिवा असतो. तो लागतो तोवर इंजिनात वाचवण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, त्यामुळे तो सूचना देत नाही, श्रद्धांजली वाहतो.

माझं काम या दिव्याच्या आधीची बातमी देण्याचं. संपादकांनी 'सामान्य वाचकाला कळेल असं लिहा' असं दोनदा बजावलं आहे, म्हणजे त्यांना स्वतःला काही कळलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इंजिनात पाणी फिरतं, ते तापतं, पुढे रेडिएटरच्या जाळीत जाऊन हवेनं गार होतं आणि परत येतं. इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा जो वरचा रबरी पाइप असतो, तो मधे कापायचा, तिथे एक पितळी जोड टाकायचा आणि त्यात सेन्सर घट्ट बसवायचा. त्याची वायर गरम भागांपासून लांब ठेवत केबिनमध्ये आणायची आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर मीटर लावायचा. ऑइलचा मीटर असाच. एक्झॉस्टचा जरा नाजूक, कारण तिथे लोखंडाला भोक पाडावं लागतं आणि ड्रिलला ग्रीस फासून एकेक कीस बाहेर ओढून घ्यावा लागतो. एक कीस आत पडला तर टर्बोचं, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, पातं जातं. हे सगळं नीट केलं तर इंजिन वाचतं आणि कोणालाच काही कळत नाही. न बिघडलेल्या इंजिनाबद्दल आजवर कोणी मला मिठाई आणून दिलेली नाही.

आमचं घर भिवंडीतलं जुनं. वडील शाळेत मास्तर, काका नगरपालिकेत कारकून, आत्या पोस्टात. हात काळे करणारा मी पहिलाच, त्यामुळे घरातल्या फोटोंमध्ये मला बहुधा मागच्या रांगेत उभं केलेलं आहे. गंमत अशी, की मास्तरकी मला कुठल्याच शाळेनं दिली नाही, ती अंजूरफाट्यावरच्या ड्रायव्हरांनी दिली. त्यांच्यात मी 'मास्तर'. वडील होते तोवर त्यांना हे अजिबात आवडलं नाही. त्यांच्या मते ती पदवी परीक्षा देऊन मिळवायची असते.

गिऱ्हाइकांचे ढोबळ दोन प्रकार. एकांना मीटर हवा असतो पण गरज नसते, दुसऱ्यांना गरज असते पण मीटर नको असतो. पहिल्या प्रकारातले एक साहेब काल्हेरच्या नव्या टॉवरमध्ये राहतात. त्यांनी चार दारांची मोठी पिकअप घेतली. मागच्या हौद्यात आजवर फक्त मुलाची सायकल चढलेली मी पाहिली आहे. त्यांना खिडकीच्या खांबावर एकाखाली एक मीटर हवे होते, सगळे निळ्या उजेडाचे, विमानासारखे. मी बसवून दिले. तिसऱ्या दिवशी कशेळीच्या पुलावरून त्यांचा फोन आला.

"अहो, टर्बोचा मीटर शून्य दाखवतोय. खराब दिलात का?"

"साहेब, गाडी चालू आहे का?"

"चालू आहे, पण अडकलीय. अर्धा तास हललो नाही."

"मग टर्बोनं काय करावं अशी आपली अपेक्षा आहे?"

ते चिडले. त्यांनी इंटरनेटवर मला एक तारा दिला आणि खाली लिहिलं, की कारागीर उद्धट आहे. यातलं कारागीर हे मी कौतुक समजतो.

दुसऱ्या प्रकारात नियाझभाई. सुताची बाचकी लूमवर पोचवणारा ड्रायव्हर, गोड माणूस. त्याच्या मालकानं मीटरसोबत बजर लावून घेतला होता, इंजिन तापलं की तो कोकलायचा. महिन्याभरानं गाडी परत आली, मीटर धडधाकट, बजर मुका. उघडून बघतो तर आत लूमवरच्या तुटक्या सुताचा गच्च गोळा कोंबलेला. मी नियाझभाईकडे बघितलं.

"मास्टर, बहुत चिल्लाता था," तो म्हणाला. "आजूबाजू में सब लोग देखते थे. अपनी भी कुछ इज्जत है."

"और इंजन गया तो?"

"इंजन सेठ का है. इज्जत मेरी है."

मी सूत काढलं आणि त्यानं ते पुन्हा कोंबलं असणार याची मला खात्री आहे.

पण ज्या गाडीची गोष्ट सांगायला मी बसलो, ती जयवंतशेठची. जयवंतशेठ पाटील अंजूरचे. वडिलांनी जिथे भात लावलं तिथे आता गोदामं आहेत, आणि जिथे गोठा होता तिथे शेठचा तीन मजली बंगला. दारात काही जुन्या पिकअप होत्या, त्या भिवंडीतल्या भिवंडीत फिरायच्या. वडील वारल्यावर शेठनी एक नवी कोरी, ताकदवान पिकअप काढली आणि ती शेलार गावातून कापडाचे तागे भरून नाशिकला जाऊ लागली. या नव्या गाडीच्या तोंडावर त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ पाटी लावली होती. पाटी म्हणजे आपण समजतो तशी नव्हे. चकचकीत स्टीलचा अख्खा पत्रा, मधोमध फेटा बांधलेले, हात जोडलेले कै. काथोडशेठ, दोन्ही बाजूंना एकेक वाघ, वर 'आशीर्वाद' आणि भोवती पळणारे रंगीत दिवे. बोनेटपासून बंपरपर्यंत गाडीचं तोंड म्हणून जे काही असतं ते सगळं काथोडशेठांनी व्यापलं होतं. नंबरप्लेट त्यांच्या पायाशी कशीबशी लटकत होती. समोरून गाडी आली की लोक बाजूला व्हायचे, काही जण नमस्कारही करायचे.

या गाडीवर ड्रायव्हर बारकू. डोंगराकडच्या पाड्यावरचा. वीटभट्टीच्या ट्रॅक्टरवर गाडी शिकला आणि लायसन काढणारा त्या पाड्यातला तो पहिला माणूस. बायको पावसाळ्यात भात लावायची, उरलेलं वर्ष मिळेल त्या मजुरीला जायची. बारकू दारू पीत नसे, मोबाईलवर बोलत गाडी चालवत नसे आणि सुट्टी मागायचा ती फक्त गावदेवाला नवं भात दाखवायच्या दिवशी. एवढे गुण असलेला माणूस संशयास्पद वाटणं साहजिकच आहे. त्यात त्या गाडीचं इंजिन कसाऱ्याच्या घाटात एकदा तापून बसलं, दुरुस्त झालं आणि पुन्हा बसलं. दुसऱ्या वेळी इंजिनाचं वरचं झाकण, हेडच, वाकलं.

जयवंतशेठ त्याला घेऊन माझ्याकडे आले ते निकाल लावूनच. बारकू शेजारी उभा असताना, तो तिथे नाहीच अशा थाटात ते बोलत होते.

"मास्तर, ह्यो गाडी मारतो. पानी बघत न्हाय, घाटात रेस पिलतो. मना असा मीटर लावा का यानं काय केला त्यो मना घरी बसून कलला पायजे."

"मी गाडी तापवत न्हाय, शेठ," बारकू म्हणाला. "ती आपली आपन तापते."

"आयकलात? आपली आपन तापते. गाडीला ताप येतो त्याचे."

मग त्यांनी अट सांगितली. इंजिन तिसऱ्यांदा बसलं, की बारकू खाली. आणि नुसता त्यांच्या गाडीवरून खाली नाही, अंजूरपासून काल्हेरपर्यंत एकाही पिकअपवर त्याला कोणी बसवणार नाही, एवढी व्यवस्था ते करणार होते. ती करणं त्यांना कठीण नव्हतं. या पट्ट्यातले सगळे गाडीमालक एकमेकांचे सोयरे, संध्याकाळी एकाच नाक्यावर बसतात. तिथे एकदा एखाद्या ड्रायव्हरला इंजिन खाणारा म्हटलं, की तो माणूस परत विटा वाहायला मोकळा. बारकूला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. तो नुसता पायातल्या चपलेकडे बघत राहिला.

मी शेठना लक्षात ठेवणारा मीटर दाखवला. याचं बटण दाबलं की दिवसभरात काटा जास्तीत जास्त कुठवर गेला होता तिथे तो पुन्हा जाऊन दाखवतो. शेठ एकदम खूश झाले. सीसीटीव्ही घेतल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मी बोनेट उघडलं, पाइप कापला, जोड टाकला. आत अंधार होता, म्हणून बारकूला म्हटलं, जरा बॅटरी धर. त्यानं धरली. त्याला पकडण्यासाठी जे यंत्र बसत होतं त्यावर तो तासभर उजेड पाडत उभा राहिला, आणि मला दिसत नाही असं वाटलं की न सांगता बॅटरीचा कोन बदलत होता.

मीटर लागला आणि बारकूचे हाल सुरू झाले. रोज नाशिकहून आला की शेठ दारातच उभे. चहा नंतर, आधी बटण. काटा रोज तांबड्यात जाऊन उभा राहायचा. बारकूचं म्हणणं एवढंच, की मोकळ्या रस्त्याला गाडी वेगात असली की काटा चढायला लागतो, मग मी बाजूला घेऊन थांबतो, गार झाली की निघतो. त्यानं इंजिन वाचत होतं हे खरं, पण माल उशिरा पोचत होता, आणि नाशिकचा व्यापारी शेठना फोनवर दोन शब्द सुनवत होता. आता शेठकडे दोन गुन्हे झाले. हा गाडी तापवतोही आणि वर झोपाही काढतो.

मी माझ्यापरीनं सगळं केलं. रेडिएटर उतरवून आतून साफ करून घेतला. पंखा बघितला, पाण्याचा पंप बघितला, थर्मोस्टॅट नवा टाकला. शेवटी मीटरवरच शंका आली, म्हणून सेन्सर काढून घरी आणला आणि बायकोच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडला. मीटर अगदी बरोबर निघाला आणि पातेलं बाद झालं. बायको म्हणाली, "त्या बारकूची नोकरी वाचवायला माझं दुधाचं पातेलं कशाला हवं होतं?" तिचा मुद्दा चुकीचा नव्हता.

कोड्यात टाकणारी गोष्ट एकच होती. गाडी तापायची ती ट्रॅफिकमध्ये नाही, मोकळ्या रस्त्यावर. एरवी याच्या उलट होतं. उभ्या गाडीला वारा लागत नाही म्हणून ती तापते, आणि पळू लागली की वाऱ्यानं गार होते. ही बाई पळाली की तापत होती. मी त्या गाडीसमोर उभा राहून कितीतरी चहा प्यायलो, काथोडशेठांच्या फेट्याला खांदा टेकवून, आणि विचार करत राहिलो की हवा कुठे अडत असेल.

इकडे शेठचं ठरलं होतं. वडिलांचं वर्षश्राद्ध आलं होतं. ते उरकलं की गाडीवर त्यांचा भाचा बसणार होता. भाच्याला गाडी येत होती असं भाच्याचं मत होतं. वर्षश्राद्धासाठी बंगल्याला रंग लागला, मांडवाची वर्दी गेली, आणि पाटीवरचे वाघ उन्हानं फिके पडले होते म्हणून पाटी उतरवून रंगवायला दिली. यातलं मला काही माहीत नव्हतं. मला फक्त बारकूचा फोन आला, शेलारहून, गाडी भरता भरता केलेला. आवाज पार उतरलेला.

"मास्तर, मीटर बिगडला. काटा वर जात न्हाय."

"म्हणजे?"

"कालपासून मधीच उबा हाय. नाशिकला जाऊन आलो, थांबलो पन न्हाय. तरी वर जात न्हाय. काल शेठ घरी नव्हते, आज बटन दाबला का म्हनंल मीच वायर कापली. तुमी याल का?"

माझ्या धंद्यात मला काटा वर जातो म्हणून खूप फोन आले. काटा वर जात नाही, वाचवा, असा तो एकच. मी पिशवी उचलली आणि रिक्षानं शेलार गाठलं. गाडीचं तोंड भिंतीला लागलेलं, म्हणून बाजूनंच वाकून वायर तपासली, जोड तपासला, सगळं जागेवर. म्हटलं, चल, मी बसतो शेजारी. गाडी तागे भरून नाशिकच्या रस्त्याला लागली, वेग घेतला, चढ लागला. काटा मधे. बारकूला घाम फुटलेला. तो रस्त्याकडे कमी आणि मीटरकडे जास्त बघत होता, त्यामुळे मलाही फुटला.

एका ढाब्यावर थांबलो. चहा आला. ग्लास घेऊन मी सवयीनं गाडीच्या पुढे गेलो, सवयीनं खांदा टेकवला आणि अर्धा चहा शर्टावर सांडला. टेकायला काही नव्हतं. काथोडशेठ नव्हते. त्यांच्या जागी रेडिएटरची काळी जाळी उघडी होती, वाऱ्याला पहिल्यांदाच मोकळी मिळालेली.

"पाटी कुठाय?" मी विचारलं.

"रंगवाय दिली, शेठच्या बापाची तिथी हाय ना," बारकू म्हणाला. मग त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, जाळीकडे बघितलं, आणि आमच्या दोघांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. तीस वर्षं मी लोकांच्या इंजिनाची नाडी बघतो, आणि नाकावर उशी दाबून धरलेल्या पेशंटला मी थर्मामीटर लावत होतो.

आता प्रश्न शेठना सांगायचं कोणी हा होता. बारकूनं सांगण्यात अर्थ नव्हता. मी गेलो. बंगल्यावर मांडवाची माणसं, पाहुणे, भाचा नव्या शर्टात. पाटी रंगून आली होती, वाघ पुन्हा ताजे झाले होते. मी शेठना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांना आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

"म्हंजे माझ्या बापामुळं इंगिन बसला?"

"वडिलांमुळे नाही, पत्र्यामुळे. हवाच जात नाही आत. उभ्या गाडीला पंखा खालून ओढतो तेवढी हवा पुरते, माल घेऊन पळाली की पुरत नाही."

"मास्तर, तुमी शिकलेल्या घरातले. बारकूनं तुमाला शिकवून धाडला का?"

मी म्हटलं, आपण स्वतःच गाडीत बसा. पाटी लावून जाऊ, काढून येऊ. मीटर तुम्हीच लावायला सांगितला होता, तुम्हीच वाचा. हे मी आवाज चढवून, पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ते मुद्दाम. पाहुण्यांसमोर नाही म्हणणं शेठना जमणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माल भरून निघालो. बारकू गाडीवर, मधे शेठ, खिडकीशी मी. काथोडशेठ नव्या रंगात सगळ्यांच्या पुढे. शेठनी पांढरे कपडे घातले होते आणि ते मीटरवरून नजर हलवत नव्हते. पडघ्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला, बारकूनं वेग धरला आणि काटा निघाला. शेठ म्हणाले, "जरा हलू चालव." बारकूनं वेग कमी केला. काटा चढतच होता. तांबड्याला टेकला तेव्हा शेठ म्हणाले, "बाजूला घे."

थोडं गार होऊ दिलं. मी पाना काढून बारकूकडे दिला. तो मागे सरकला.

"मी शेठच्या बापाला हात लावत न्हाय," तो म्हणाला.

मीही पाना खाली ठेवला, कारण खरं सांगायचं तर मलाही ते नको होतं. शेवटी शेठनी स्वतः, पांढऱ्या कपड्यांत, हायवेच्या कडेला उकिडवं बसून वडिलांचे नट काढले. पाटी मागे ठेवायला जागा नव्हती, मागे तागे गच्च होते आणि नवा रंग खरचटला असता. म्हणून ती केबिनमध्ये आली आणि शेठच्या मांडीवर उभी राहिली. पाटी एवढी, की फेटा टपाला टेकला. तिथून पुढे तोच रस्ता, तोच वेग, पुढे घाटाचा चढ, आणि काटा मध्यावर. शेठना मीटर दिसावा म्हणून मला पाटी एका हातानं बाजूला धरावी लागत होती. त्यांनी एकदा वाकून बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, मग बघणं सोडलं. नाशिकला तागे उतरले तरी त्यांनी पाटी मांडीवरून हलवली नाही, परत येईपर्यंत ते वडिलांच्या चेहऱ्यामागे बसून होते. मला आतल्या आत हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. माणसानं प्रेमानं केलेलं काम होतं ते, फक्त चुकीच्या जागी ठोकलेलं.

अंजूरला पोचलो तेव्हा शेठच्या आई ओट्यावर कोणाशी बोलत बसल्या होत्या. लेक त्यांच्या नवऱ्याला कवेत घेऊन गाडीतून उतरतोय हे बघून त्या उठून आल्या. काय झालं, ते मी दोन वाक्यांत सांगितलं. मला वाटलं, आता रडारड. म्हातारीनं पाटीकडे बघितलं.

"जयवंता, जित्ता होता तवा मोटारीत बसला का पोटात ढवलायचा त्याचे," त्या म्हणाल्या. "आंजूरशी भिवंडी चालत जायचा, पन यष्टीत पाय न्हाय ठेवला. आन तू त्याला नेऊन इंगिनाच्या तोंडाशी बांदलास. आन मना इचारलास पन न्हाय."

पाहुण्यांपैकी कोणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. शेठ हसले नाहीत, पण त्यांनी पाटी ओट्यावर भिंतीला नीट उभी करून ठेवली. मग बारकूकडे न बघता, गाडीच्या टायरला सांगितल्यासारखं ते म्हणाले, "उद्या तिथी हाय, परवा पायटे शेलारला गाडी लाव." भाच्यानं नवा शर्ट कोपरापर्यंत दुमडला आणि तो मांडवाच्या खुर्च्या लावायला गेला. या पट्ट्यात मालकाकडून माफी म्हणून जे काही मिळतं ते एवढंच, आणि तेही मिळालेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही.

मी पिशवी आवरत होतो. शेठ जवळ आले.

"मास्तर, ह्यो मीटर काढा हिचा. जुन्या गाडीला लावा. त्यो डायवर पन काय सुदा न्हाय."

म्हणजे एक चोर हातचा गेला म्हणून दुसरा नेमणं आलं. पण गिऱ्हाईक आहे. पाना घेऊन केबिनमध्ये वाकलो, तर बारकूनं माझा हात धरला. त्यानं कधी कोणाचा हात धरल्याचं मी बघितलं नव्हतं.

"शेठ, ह्याला ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

"आता कशाला? आता तर सुटलास तू."

"आज सुटलो. मी तुमाला कवापासून सांगत व्हतो, गाडी मी तापवत न्हाय. तुमी माझं आयकलं न्हाय, ह्याचं आयकलंत. उद्या परत काय झालं तर माझ्या बाजूनं बोलाय दुसरं कोन हाय?"

हे तो भांडून म्हणाला नाही. नुसतं जे आहे ते सांगितलं. शेठनी त्याच्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं आणि "ऱ्हाव दे," एवढंच म्हणून ते घरात गेले. मला भयंकर लाज वाटली. त्या मीटरमध्ये काय असतं ते मला पक्कं माहीत आहे. थोडं पितळ, थोडी वायर, एक काच. माणसाच्या शब्दाला नाही ती किंमत आम्ही त्याला दिली होती, आणि तो बसवला मीच होता.

बारकू मीटरकडे बघत होता.

"मास्तर, हा खोटं कदी बोलतो का?"

खोटं सांगून चालणार नव्हतं. मी म्हटलं, "एकदाच बोलतो. पाणी सगळं निघून गेलं, तर सेन्सर कोरडा पडतो. मग इंजिन जळत असलं तरी काटा खाली येतो आणि सगळं गार आहे म्हणतो."

त्यानं ते नीट ऐकून घेतलं. बोनेट उघडलं, फडक्यानं पाण्याच्या टाकीचं झाकण धरून आत बघितलं आणि पुन्हा बंद केलं.

"मंग पानी मी बगीन," तो म्हणाला. "त्याला खोटं बोलाय नाय लावनार मी."